काउंटरवरचं कार्ड आणि कंपनीचा शेअर

वाचकाचं पत्र :

"आमचं नौपाड्यात कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान आहे. मी आणि मिस्टर दोघं मिळून बघतो. लग्नाच्या ऑर्डरी घेणारे फोटोग्राफर, व्हिडिओवाले, हल्ली रील करणारी मुलं हे आमचं गिऱ्हाईक. बॅटऱ्या, बॅगा, ट्रायपॉड सगळं ठेवतो, पण रोजचा खप मेमरी कार्डांचा. अलीकडे कार्डांचे भाव चढत चाललेत, डिस्ट्रिब्युटर सारखे नवे रेट पाठवतो. थोरला मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. तो म्हणतो, भाव चढतोय म्हणजे कंपनी कमावतेय, आपण कार्डं बनवणाऱ्या सॅनडिस्कचा अमेरिकेतला शेअर घेऊ. तुला ह्या धंद्यातलं जेवढं कळतं तेवढं शेअरबाजारातल्या माणसांनाही कळत नाही. आमच्या आठ लाखांच्या एफडीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ते पैसे धाकटीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवलेत, ती आत्ता अकरावीत आहे. मिस्टरांचं म्हणणं अगदी उलट. जे कार्ड आपण एके काळी हजारांत विकलं तेवढ्या जीबीचं आज कुणी फुकट घेत नाही, जी वस्तू दर वर्षी स्वस्त होते तिच्या कंपनीत पैसे घालायचेच कशाला? शिवाय चिनी माल आहेच. कुणाचं बरोबर? ता. क. लग्नसराईचा कार्डांचा स्टॉक आत्ताच भरून ठेवावा का?"

उत्तर :

ताई, आधी आठ लाखांचं सांगून टाकतो. धाकटी अकरावीत आहे म्हणजे फी भरायची वेळ दोन वर्षांच्या आत येणार. ते पैसे पुन्हा एफडीतच ठेवा आणि मुदत प्रवेशाच्या महिन्याच्या थोडी अलीकडे संपेल अशी घ्या. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो शेअरमध्ये घालू नये, मग शेअर कुणाचाही असो. ह्या धंद्यातल्या शेअरमध्ये तर नाहीच. का ते पुढे सांगतो.

आता घरातला वाद. मिस्टर आणि मुलगा दोघंही भावाकडे बघून बोलतायत. एकाला भाव पडतो म्हणून नको, दुसऱ्याला भाव चढतो म्हणून हवं. मी नोकरीभर महापे-रबाळ्याकडच्या कारखान्यांत कॉस्टिंग केलं, त्यामुळे मला भावाच्या आधी खर्च दिसतो. फ्लॅश मेमरीच्या, म्हणजे कार्ड-पेनड्राइव्हमधली चिप बनवणाऱ्या कंपनीकडे त्या बाजूने बघितलं तर दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर निघतं, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे.

तुमच्या रॅकवरचं एक मायक्रोएसडी कार्ड हातात घ्या. १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, जाडी एक मिलिमीटर. एवढ्याशा जागेत सिलिकॉनच्या पातळ चकत्या एकावर एक चिकटवलेल्या असतात आणि सोबत एक कंट्रोलर, म्हणजे कुठला फोटो कुठे ठेवलाय ह्याचा हिशेब ठेवणारी चिप. प्लॅस्टिक, छपाई, पाकीट ह्यांचा खर्च किरकोळ. खरा पैसा जातो त्या चकत्यांत. त्या ज्यातून कापतात तो वेफर ३०० मिलिमीटर व्यासाचा. एक वेफर तयार करायचा खर्च दर वर्षी काही कमी होत नाही, उलट वाढतो. कमी होतो तो दर जीबीचा खर्च, कारण त्याच वेफरवर दर पिढीत जास्त जीबी बसवतात.

जीबी वाढवायच्या वाटा दोन. पूर्वी चिपमधल्या पेशी, म्हणजे माहिती साठवायचे कप्पे, बारीक करत जायचे. ते अशक्य व्हायला लागलं तेव्हा मजले चढवायला सुरुवात झाली. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप बाजारात आणली, आज सॅनडिस्क आणि तिची जपानी भागीदार किओक्सिया २१८ थरांची चिप बनवतात. दुसरी वाट म्हणजे एकाच पेशीत जास्त बिट, म्हणजे माहितीचे सगळ्यात छोटे तुकडे, कोंबणं. आधी एक, मग दोन, मग तीन, आता चार. इथे एक साधं गणित बघा. एकावरून दोनवर गेलं की क्षमता दुप्पट होते, तिनावरून चारवर गेलं की फक्त एक तृतीयांश वाढते. म्हणजे सोपी बचत आधीच होऊन गेलेली आहे. पुढचा प्रत्येक थर जास्त महागड्या यंत्रांवर, जास्त वेळ घेऊन चढतो.

मिस्टरांना सांगा, भाव पडणं ह्या धंद्यात धरूनच चाललेलं असतं. एखाद्या वर्षी दर जीबीचा भाव २० टक्के पडला आणि खर्च २५ टक्के पडला, तर विक्रीतला नफ्याचा वाटा वाढतो. भाव ४० टक्के पडला आणि खर्च १५, तर तो वाटा आटतो, तोटाही होऊ शकतो. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत.) ह्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजेच कंपनीचा नफा. तुमच्या काउंटरवर फक्त भावाची रेष दिसते, तीही उशिरा.

खर्चाच्या रेषेत एक गाठ आहे. सॅनडिस्कचा स्वतःचा एकटीचा वेफरचा कारखाना नाही. जपानमध्ये योक्काइची आणि किताकामी इथे किओक्सियाच्या जागेत दोघींचे संयुक्त उपक्रम चालतात, किओक्सियाचा वाटा ५०.१ टक्के, सॅनडिस्कचा ४९.९. यंत्रांचा घसारा, भाडेपट्टा, कारखाना चालू ठेवायचा स्थिर खर्च, ह्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा सॅनडिस्कला द्यावाच लागतो, तिने वेफर उचलले काय किंवा नाही उचलले काय. खर्च येनमध्ये, विक्री बहुतेक डॉलरमध्ये. येन महागला की काही न करता खर्च वर जातो.

कॉस्टिंग करणाऱ्याला ह्यात लगेच एक गोष्ट दिसते. स्थिर खर्च इतका मोठा असला की मागणी मंदावली तरी कारखाना थांबवणं परवडत नाही. थांबवला तर घसारा तेवढाच, माल शून्य, आणि तो तोटा थेट हिशेबात येतो. म्हणून सगळे माल काढत राहतात, आणि सगळे काढत राहिले म्हणून भाव आणखी पडतो. शेवटी कुणीतरी दमतं, उत्पादन कमी करतं, नवी यंत्रं घ्यायचं थांबवतं. वर्ष-दीड वर्षाने टंचाई येते, भाव उसळतो, सगळ्यांच्या हातात पैसा येतो, सगळे पुन्हा यंत्रांच्या ऑर्डरी देतात. आपल्याकडे कांद्याचं होतं तेच. यंदा भाव मिळाला म्हणून सगळे लावतात आणि पुढच्या वर्षी लासलगावला ट्रॉल्यांची रांग लागते. फरक असा की कांदा काही महिन्यांत शेतातून निघतो आणि पुढच्या हंगामात दुसरं पीक घेता येतं. फ्लॅशचा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, आणि त्यात दुसरं काही पिकवता येत नाही.

हे चक्र किती जोरात फिरतं ह्याचा अगदी अलीकडचा दाखला आहे. लॉकडाउनच्या काळात लॅपटॉप-मोबाइलची मागणी चढली, सगळ्यांनी माल वाढवला. २०२२ च्या उत्तरार्धात मागणी बसली आणि २०२३ मध्ये जगातल्या बहुतेक मेमरी कंपन्या तोट्यात गेल्या. तेव्हा सॅनडिस्क वेस्टर्न डिजिटल ह्या हार्ड डिस्कवाल्या अमेरिकी कंपनीच्या पोटात होती. वेस्टर्न डिजिटलचा फ्लॅशचा धंदा आणि किओक्सिया एकत्र करायची बोलणी त्या काळात चालली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मोडली. मग वेस्टर्न डिजिटलने हार्ड डिस्क स्वतःकडे ठेवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅनडिस्क वेगळी केली. म्हणजे मुलगा ज्या शेअरबद्दल बोलतोय तो ह्या रूपात अगदी नवा आहे.

नवा शेअर, पण कंपनी जुनी. एली हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन ह्यांनी ती १९८८ मध्ये काढली. (ह्यातले मेहरोत्रा मूळचे कानपूरचे, आणि २०१७ पासून ते प्रतिस्पर्धी मायक्रॉनचे प्रमुख आहेत. ह्या धंद्यातली माणसं एकमेकांचा खर्च किती आतून ओळखतात ते ह्यावरून लक्षात येईल.) जुन्या शेअरची गोष्ट मुलाला मुद्दाम वाचायला लावा. २००६ च्या सुरुवातीला, म्यूझिक प्लेअर आणि डिजिटल कॅमेऱ्यांची धूम होती तेव्हा, तो ७० डॉलरच्या वर होता. सप्टेंबर २००८ मध्ये सॅमसंगने २६ डॉलरने अख्खी कंपनी विकत मागितली, सुमारे ५८५ कोटी डॉलर. संचालकांनी ते फार कमी म्हणून नाकारलं. सॅमसंगने ऑक्टोबरात मागणी मागे घेतली आणि नोव्हेंबरात शेअर दहा डॉलरच्याही खाली होता. पुढे २०१५ मध्ये वेस्टर्न डिजिटलला कंपनी विकायचा जो करार जाहीर झाला तो सुमारे १,९०० कोटी डॉलरचा. ज्याने २००६ मध्ये घेतला आणि ज्याने २००८ च्या अखेरीला घेतला, दोघांनी एकच कंपनी, तीच माणसं, तीच कार्डं घेतली. फरक पडला तो चक्राच्या कुठल्या बाजूला हात घातला ह्याने.

वेगळी झाल्यावरही तेच. एप्रिल २०२५ मध्ये शेअर ३० डॉलरच्या आसपास घसरला होता, नोव्हेंबरात २०० च्या वर गेला. सात-आठ महिन्यांत जो शेअर एवढा चढतो तो तेवढ्याच वेगाने उतरूही शकतो. फीचे पैसे इथे नकोत म्हटलं ते ह्यासाठी.

मुलाच्या म्हणण्यात जो खरेपणा आहे तो आता सांगतो, कारण तो चुकीचं काही बोलत नाही. एआयच्या डेटा सेंटरना एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपचे ड्राइव्ह, प्रचंड लागतायत. मोठ्या हार्ड डिस्कची टंचाई झाली तशी काही मागणी फ्लॅशकडे वळली. आणि २०२३ च्या तोट्याने हात पोळलेल्या कंपन्यांनी नव्या यंत्रांवरचा खर्च आखडता घेतला होता, त्यामुळे पुरवठा लगेच वाढला नाही. तुमच्या डिस्ट्रिब्युटरचे सारखे बदलणारे रेट ह्याच टंचाईची शेपटी आहेत. चिप बनवणाऱ्याला तीच चिप सर्व्हरसाठी जास्त भावाने जात असेल तर तो ती कार्डात कशाला घालेल? मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशिअल' ह्या आपल्या किरकोळ विक्रीच्या ब्रँडमधून बाहेर पडायची घोषणा केली ती ह्याच हिशेबाने.

पण ह्याच वाक्याची दुसरी बाजू बघा. ३० जूनच्या आसपास संपलेल्या २०२५ च्या आर्थिक वर्षात सॅनडिस्कची विक्री सुमारे ७३६ कोटी डॉलर होती. त्यात कार्डं, पेनड्राइव्ह, पोर्टेबल एसएसडी असा सगळा ग्राहक-विभाग मिळून सुमारे २२७ कोटी, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. कॉम्प्युटर-मोबाइल बनवणाऱ्यांना जाणारा माल ४१३ कोटींच्या आसपास, आणि डेटा सेंटरचा फक्त ९६ कोटी. निव्वळ तोटा १६४ कोटींच्या आसपास होता. तो मुख्यतः गुडविलची (धंदा विकत घेताना मालमत्तेच्या वर मोजलेल्या रकमेची) किंमत हिशेबात १८० कोटींहून अधिक कमी केल्यामुळे आला, रोख रक्कम तेवढी गेली नाही, हेही लक्षात ठेवा. नुसता तोट्याचा आकडा बघून घाबरायचं कारण नव्हतं.

तर 'तुला ह्या धंद्यातलं कळतं' हे मुलाचं वाक्य मला इथे अडतं. तुम्हाला कळतं ते ह्या कंपनीच्या एका तुकड्यातलं, आणि तेही त्याच्या शेवटच्या टोकाचं. ते ज्ञान खोटं नाही. उदाहरण देतो. तुमच्याकडे कधी तरी एखादा मुलगा कार्ड घेऊन आला असेल, 'काकू, हळदीचे फोटो आहेत, लग्नाचे उघडतच नाहीत.' कार्डावर छापलंय १२८, कॉम्प्युटरही १२८ दाखवतो, पण 'एच२टेस्टडब्ल्यू'सारखा प्रोग्राम लावून कार्ड काठोकाठ भरलं की आत आठ जीबीच निघतात. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जागा संपली की तो पुढचा माल कुठेतरी लिहिल्यासारखं करतो आणि हरवतो. लग्नाचा मुहूर्त परत येत नाही, म्हणून खरा व्यावसायिक फोटोग्राफर चार पैसे जास्त देऊन ओळखीच्या दुकानातून ओळखीच्या ब्रँडचं कार्ड घेतो. कार्डाच्या धंद्यात ब्रँडला किंमत आहे ती ह्या भीतीमुळे, आणि सॅनडिस्कने तो विश्वास बऱ्याच वर्षांत कमावलाय. ग्राहक-विभागाच्या मार्जिनला ह्याचा आधार मिळतो हे तुम्ही कुठल्याही अहवालाशिवाय सांगू शकता.

डेटा सेंटरला मात्र ब्रँडचं पाकीट नको असतं. तिथे दर टेराबाइटचा भाव, वीज किती खातो, किती वर्षं टिकतो, आणि आमच्या तपासणीत तुमचा ड्राइव्ह पास झाला का, एवढंच विचारतात. तिथे सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया हे सगळे समोर उभे. एसके हायनिक्सने तर इंटेलचा फ्लॅशचा अख्खा धंदा घेतला, आज तो 'सॉलिडाइम' नावाने चालतो. आणि किओक्सिया भागीदार असूनही स्पर्धकच: एकाच छताखालून निघालेले वेफर दोघी वेगवेगळ्या विकतात. म्हणजे सॅनडिस्कचा वेफरचा खर्च तिच्या सगळ्यात जवळच्या स्पर्धकाला जवळपास पैशापर्यंत ठाऊक असतो.

चिनी मालाबद्दल मिस्टर बोलले ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दुकानात दिसणारा चिनी माल आणि कंपनीला भेडसावणारा चिनी माल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या रॅकवर बरेच ब्रँड असे आहेत की जे स्वतः वेफर बनवत नाहीत; चिप विकत घेतात, कंट्रोलर लावतात, आपला शिक्का मारतात. लेक्सार घ्या. एके काळी ती मायक्रॉनची होती. २०१७ मध्ये मायक्रॉनने ती चीनच्या लाँगसिसला विकली. असा ब्रँड तुमच्या काउंटरवर सॅनडिस्कशी भिडतो खरा, पण चिपचा भाव चढला की त्याचाही खर्च चढतो. तो भाव पाडू शकत नाही, फक्त त्यामागे फरफटतो. भाव पाडू शकतो तो वेफर बनवणारा. चीनमध्ये ते काम वुहानची वायएमटीसी करते, २०१६ मध्ये सुरू झालेली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने तिला निर्बंधांच्या यादीत टाकलं, त्यामुळे अमेरिकी यंत्रं मिळणं अवघड झालं. तरी ती थांबलेली नाही, आणि तिला भांडवलाचा परतावा इतरांइतक्या घाईने मागणारे भागधारक नाहीत. पुढच्या मंदीत भाव कितीपर्यंत खाली जाईल हे ठरवण्यात तिचा हात असेल असं मला वाटतं, आणि सॅनडिस्कबद्दलची माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे.

आणखी एक गोष्ट स्पर्धेच्या हिशेबात कुणी फारशी धरत नाही. मोबाइलमधला कार्डाचा खाचाच गेला. आयफोनला तो कधी नव्हताच. सॅमसंगनेही गॅलेक्सी एस२१ पासून आपल्या महागड्या फोनांतून काढला. गिऱ्हाईक फोन घेतानाच जास्त जीबीचा घेतं आणि ते पैसे फोनवाल्याच्या खिशात जातात. तुमच्याकडे नुसत्या मोबाइलसाठी कार्ड मागणारे कमी झाले असतील आणि कॅमेरा, ड्रोन, सीसीटीव्ही, डॅशकॅमवाले वाढले असतील. तुमच्या बिलबुकात हे सहज दिसेल, आणि ते मला कळवलंत तर आवडेल.

कारखान्यातल्या अपघाताचा धोकाही लहान नाही. जून २०१९ मध्ये योक्काइचीला १३ मिनिटं वीज गेली. वेफर आत शिरल्यापासून बाहेर यायला महिने लागतात, मध्येच यंत्रं थांबली की आतला माल गेला. वेस्टर्न डिजिटलने तेव्हा सुमारे सहा एक्साबाइट माल कमी मिळेल असं जाहीर केलं. सहा एक्साबाइट म्हणजे ६०० कोटी जीबी. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादनात वापरायचं काही साहित्य दूषित निघालं तेव्हा पुन्हा किमान साडेसहा एक्साबाइट गेले. अशा वेळी जगभर भाव चढतात, म्हणजे स्पर्धकांची चांदी आणि ज्याचा कारखाना बंद त्याचं नुकसान.

मग शेअर घ्यायचाच नाही का? तसं मी म्हणत नाही. मुलगा कमावता आहे. त्याने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर, जेवढी रक्कम निम्म्याहून खाली गेली तरी घरात कुणाची झोप उडणार नाही तेवढी घालावी. एकदम नको, आणि फक्त एका कंपनीत तर नकोच. पण एका सापळ्याची त्याला आधीच कल्पना द्या. इतर धंद्यांत पी-ई, म्हणजे शेअरची किंमत वार्षिक नफ्याच्या किती पट, कमी असलेला शेअर स्वस्त समजतात. मेमरीत बऱ्याचदा उलटं होतं. टंचाई ऐन भरात असते तेव्हा नफा फुगलेला असतो, त्यामुळे चढलेल्या किमतीलाही पी-ई लहान दिसतो. आणि सगळे तोट्यात असतात तेव्हा पी-ई काढताच येत नाही. मागे वळून बघितलं तर घ्यायची वेळ बहुधा ती असते. म्हणून तिमाही निकालात नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. विकलेल्या जीबीत किती वाढ, दर जीबीच्या भावात किती बदल, दर जीबीच्या खर्चात किती घट, गोदामात किती दिवसांचा माल पडलाय, हे बघायचं. आणि सगळ्यात आधी बघायचं ते स्पर्धकांनी नव्या यंत्रांवर किती खर्च जाहीर केला. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन एकाच सुमारास हात सैल सोडायला लागले की पुढच्या दीड-दोन वर्षांत मालाचा पूर येणार हे तिथेच ठरलेलं असतं, भाव अजून चढत असला तरी.

तुमच्या डिस्ट्रिब्युटरचा रेट ह्या कामाला येत नाही. तो फोनवर 'माल नाही, उद्याचा भाव उद्या' म्हणेपर्यंत शेअरबाजाराने ते महिन्यांपूर्वी हिशेबात घेतलेलं असतं. मुलाला वाटतं तुम्हाला आधी कळतं. ह्या साखळीत दुकानाला शेवटी कळतं.

'भारतातच मेमरी बनणार आहे, मग इथलाच शेअर घेऊ' असं कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा: गुजरातेत साणंदला मायक्रॉनचं जे काम आहे ते जोडणी-तपासणीचं आहे, वेफर तिथे बनत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. परदेशी शेअरसाठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून जातात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापत नाहीत, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात, रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. २४ महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. अमेरिकेतला डिव्हिडंड आला तर तिथे २५ टक्के आधीच कापून येतो आणि इथे त्याची वजावट मागता येते. आणि हे सगळं तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर नको म्हणायला आणखी एक कारण आहे: छोटे दुकानदार बहुतेक अंदाजित उत्पन्नावर 'सुगम' म्हणजे आयटीआर-४ भरतात. परदेशी मालमत्ता एका शेअरची असली तरी तो फॉर्म चालत नाही, मोठा फॉर्म भरावा लागतो आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दर वर्षी दाखवावी लागते. मुलालाही ती दाखवावी लागेलच, ते त्याने विसरू नये. पुढे कधी रक्कम ६० हजार डॉलरच्या वर गेली तर मालकाच्या पश्चात अमेरिकेचा वारसा कर लागतो, वरचा दर ४० टक्के. तेवढी मजल गेली की सीएशी बोला.

आता ता. क. चं. स्टॉक भरावा का, ह्यात खरं तर शेअरचाच प्रश्न लपलेला आहे. भाव चढेल म्हणून तीन महिन्यांचा माल आणून ठेवलात तर तुम्ही फ्लॅशच्या भावावर पैसे लावलेत, शेअर न घेता. वर मुलानेही शेअर घेतला तर घरातल्या दोन्ही रकमा एकाच गोष्टीवर. दुकानाचं भांडवल आणि १८ टक्के जीएसटी त्यात अडकून राहतात, आणि भाव फिरला तर गिऱ्हाईक ऑनलाइनचा नवा रेट दाखवून तुमच्याशी घासाघीस करतं. मी असतो तर चार-पाच आठवड्यांच्या खपाएवढाच माल उचलला असता, तोही तुमच्याकडे सगळ्यात जास्त फिरणाऱ्या साइजचा. महागडी, फार मोठ्या क्षमतेची कार्डं ऑर्डर आल्यावर मागवा. नेहमीच्या स्टुडिओवाल्यांना आत्ताच विचारा: सीझनला किती लागतील, आगाऊ पैसे देताय का, तर आजचा भाव पक्का. जेवढे हो म्हणतील तेवढा माल लगेच घ्या, कारण तो विकलेलाच आहे. आणि डिस्ट्रिब्युटरकडून एक गोष्ट तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: कंपनीने भाव उतरवला तर पडून राहिलेल्या मालावर क्रेडिट नोट मिळणार का, आणि किती दिवसांपर्यंतच्या बिलावर.